निष्ठा नोव्हेंबरात दाखवू : अमेरिकेतल्या मराठी डेमोक्रॅट मतदारांना खुले पत्र

मंडळी,

सप्रेम नमस्कार.

२०२८च्या अध्यक्षीय निवडणुकीला अजून अवकाश आहे, पण आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तिकीटवाटप केव्हाच उरकलंय. गॅव्हिन न्यूसम बोलायला पक्का, पण कॅलिफोर्नियाचा शिक्का नडणार. पीट बूटिजेज हुशार, पण गे उमेदवाराला ओहायोत कोण मत देणार? जॉश शपिरो पेनसिल्व्हेनिया आणून देईल, पण ज्यू म्हटल्यावर मिशिगनमधल्या अरब मतांचं काय? कमला हॅरिस? नको गं बाई, एकदा हात पोळलेत. प्रत्येक नावापुढे एक 'पण', आणि प्रत्येक 'पण'च्या पोटात एकच वाक्य: "मला चालेल हो, लोक नाही मत देणार." हे लोक कोण, ते कुणी सांगत नाही. ग्रुपवर ते नसतात एवढं नक्की.

दुसरा गट निष्ठावंतांचा. त्यांचं म्हणणं सोपं आहे. आता फाटाफूट नको, समोर कोण आहे ते बघा, पक्ष म्हणेल तो आपला. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, कुणी नेत्यांवर टीका केली की हे लगेच विचारतात, "मग काय रिपब्लिकनांना मदत करायची?"

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवाल. प्रायमरीत मत द्यायचं ते आपल्याला अध्यक्ष म्हणून जी व्यक्ती हवी आहे तिला. शेजारच्याला कोण चालेल याचा अंदाज बांधून ते देऊ नये, आणि वरून इशारा आला म्हणूनही देऊ नये. पक्षनिष्ठा जी काय दाखवायची ती नोव्हेंबरात, मुख्य निवडणुकीत.

आपल्यातल्या बहुतेकांचं राजकीय शिक्षण महाराष्ट्रात झालं. तिथे उमेदवारी वरून येते. मुलाखती होतात, निरीक्षक येऊन चहा पिऊन जातात, याद्या दिल्लीला जातात आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी एबी फॉर्म कुणाच्या हातात पडेल याचा नेम नसतो. वीस वर्षं सतरंज्या उचललेला कार्यकर्ता दाराशी उभा आणि परवा पक्षात आलेल्याच्या गळ्यात हार. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: इलेक्टिव्ह मेरिट. मग बंडखोरी, मग मनधरणी, मग एखाद्या महामंडळाचं आश्वासन. या सगळ्यात मतदार कुठेच नसतो. त्यामुळे निष्ठा मोठी की निवडून येण्याची क्षमता मोठी, हा वाद आपण कायम प्रेक्षक म्हणून पाहिला. इथे तिकीट द्यायचा अधिकार तुमच्या-माझ्या हातात आहे, आणि तो हातात असताना आपण बोलतो मात्र दिल्लीहून आलेल्या निरीक्षकाच्या थाटात.

हा अधिकार अमेरिकन मतदारालाही आयता मिळालेला नाही. मार्च १९६८मध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत युजीन मॅकार्थी या सिनेटरने खुद्द अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याविरुद्ध ४२ टक्के मतं घेतली. मुद्दा व्हिएतनामचा. महिना संपायच्या आत जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचं जाहीर केलं. रॉबर्ट केनेडी मैदानात उतरले आणि जूनमध्ये त्यांची हत्या झाली. ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना, आणि हम्फ्री एकाही प्रायमरीत उतरले नव्हते. राज्याराज्यांतल्या पक्षपुढाऱ्यांच्या खिशातले डेलिगेट, म्हणजे अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, त्यांच्यामागे उभे राहिले. बाहेर रस्त्यावर पोलीस निदर्शकांना झोडपत होते आणि आत हात वर होत होते. निष्ठावंत उमेदवार, अनुभवी उमेदवार, सर्वांना चालणारा उमेदवार. नोव्हेंबरात ते निक्सनकडून एक टक्क्याहूनही कमी फरकाने हरले.

त्या राड्यानंतर पक्षाने जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि डेलिगेट निवडण्याची प्रक्रिया सामान्य मतदारांसाठी उघडली. आज आपण जिला प्रायमरी म्हणतो तिचा पाया हा. पुढची गंमत सगळ्यांना ठाऊक आहे: १९७२मध्ये याच नव्या नियमांनी मॅकगव्हर्न स्वतः उमेदवार झाले आणि ४९ राज्यं हरले. मॅसेच्युसेट्स आणि वॉशिंग्टन डीसी एवढंच पदरात पडलं. तेव्हापासून पक्षातला प्रत्येक शहाणा माणूस मॅकगव्हर्नचं नाव घेऊन आपल्याला भीती घालतो. मनापासून मत दिलं की असं होतं बघा.

या गोष्टीचा उत्तरार्ध मात्र कुणी सांगत नाही. पुन्हा मॅकगव्हर्न होऊ नये म्हणून १९८२मध्ये पक्षाने सुपरडेलिगेट आणले. खासदार, गव्हर्नर, पक्षपदाधिकारी यांना अधिवेशनात आपल्या मर्जीने मत द्यायचा हक्क. कल्पना अशी की या अनुभवी लोकांना कोण जिंकेल ते कळतं. १९८४मध्ये त्यांचा पहिला वापर झाला. त्यांनी ज्यांना हात दिला ते वॉल्टर मोंडेल म्हणजे पक्षाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे निष्ठावंत, माजी उपाध्यक्ष, कामगार संघटनांचे लाडके. तेही ४९ राज्यं हरले. त्यांच्या पदरात पडलं ते स्वतःचं मिनेसोटा आणि पुन्हा तेच डीसी. मतदारांनी मन लावून निवडलेला आणि जाणकारांनी डोकं लावून निवडलेला, दोघांचा निकाल तंतोतंत सारखा. तरी भीती दाखवायला नाव घेतात ते मॅकगव्हर्नचंच.

निवडून येण्याची क्षमता नसतेच असं मी म्हणत नाही. असते, आणि निकालानंतर ती सगळ्यांना स्वच्छ दिसते. निकालाआधी ती ओळखल्याचा दावा करणाऱ्यांचा हिशेब मात्र तपासून बघा. १९८८च्या उन्हाळ्यात मायकेल ड्युकाकिस जनमत चाचण्यांत १७ अंकांनी पुढे होते. नोव्हेंबरात थोरल्या बुशनी ४० राज्यं घेतली. १९९२च्या जूनमध्ये बिल क्लिंटन चाचण्यांत चक्क तिसऱ्या क्रमांकावर होते, बुश आणि अपक्ष रॉस पेरो यांच्याही मागे. पुढे आठ वर्षं व्हाइट हाउसमध्ये कोण राहिलं ते सांगायला नको. 

२००४ची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण आजचा ग्रुपवरचा संवाद जवळजवळ तोच आहे. इराक युद्धाला उघड विरोध करणाऱ्या हॉवर्ड डीननी त्या आधीचं वर्षभर कार्यकर्त्यांत जान आणली होती. सगळ्यांत आधी होणारं आयोवाचं मतदान जवळ आलं तशी लोकांना धास्ती वाटायला लागली. युद्धकाळातल्या अध्यक्षापुढे, धाकट्या बुशपुढे, हा टिकेल का? मग त्यांनी जॉन केरींकडे पाहिलं. व्हिएतनाममध्ये लढलेले, पदकं मिळवलेले, भारदस्त. केरींवर जीव कुणाचाच नव्हता, पण 'लोकांना' ते चालतील असं प्रत्येकाला वाटलं. बॉस्टनच्या अधिवेशनात त्यांनी सलाम ठोकून भाषणाला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये 'स्विफ्ट बोट'वाल्यांच्या, म्हणजे व्हिएतनाममध्ये तसल्या गस्ती नौकांवर असलेल्या माजी सैनिकांच्या, जाहिराती सुरू झाल्या आणि नेमकं त्यांचं लष्करी शौर्यच संशयाच्या भोवऱ्यात सापडलं. ज्या एका गुणासाठी उमेदवार निवडला त्याच गुणावर हल्ला झाला, आणि त्याच्या बचावाला धावून जायला दुसरं कारण फारसं कुणाकडे नव्हतं. ओहायो गेलं, निवडणूक गेली.

चारच वर्षांनी उलट घडलं. बराक हुसेन ओबामा नावाचा, सिनेटमध्ये जेमतेम एक अर्धवट टर्म काढलेला कृष्णवर्णीय माणूस निवडून येईल असं शहाण्यांपैकी फार थोड्यांना वाटत होतं. सुरुवातीला पाठिंबा जाहीर केलेल्या सुपरडेलिगेटांपैकी बहुसंख्य हिलरी क्लिंटनकडे होते. साउथ कॅरोलिनातले कितीतरी कृष्णवर्णीय मतदारसुद्धा आधी साशंक होते. आयोवातल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी ओबामांना मत दिल्याचं पाहिल्यावर ते वळले. म्हणजे आपलं मन काय म्हणतंय हे ठरवायला त्यांनाही आधी 'लोकांची' परवानगी लागली! त्या नोव्हेंबरात ओबामांनी इंडियाना जिंकलं, जे १९६४नंतर डेमोक्रॅटांना कधी मिळालं नव्हतं. आणि २०१६? २०१२मध्ये मिट रॉम्नी हरल्यानंतर रिपब्लिकन पक्षाने २०१३मध्ये स्वतःच अहवाल काढून लॅटिनो मतदारांशी जमवून घ्या असं बजावलं होतं. ट्रम्प यांनी मेक्सिकन लोकांविरुद्ध बोलतच प्रचाराला सुरुवात केली. पुढचं तुम्ही भोगताय.

आता एक दुखरा मुद्दा. २०१६नंतर आणि पुन्हा २०२४नंतर आपल्याच पुरुषांनी, आणि बायकांनीही, एक निष्कर्ष काढलाय की अमेरिका अजून बाईला निवडून देत नाही. हे बोलताना आवाजात हळहळ असते, पण परिणाम एकच होतो. पुढच्या वेळी बाई उभी राहिली की मत दुसऱ्याला. हिलरींना देशभरात ट्रम्पपेक्षा सुमारे २९ लाख मतं जास्त मिळाली होती. पण निकाल राज्यवार लागतो, आणि त्या हरल्या त्या विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनियातल्या मिळून ऐंशी हजारांहून कमी मतांनी. यातून 'देश बाईला स्वीकारत नाही' असं अनुमान काढणाऱ्याला माझ्या गणिताच्या बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं असतं. नोव्हेंबर २०२५मध्ये व्हर्जिनियात अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर आणि आपल्या न्यू जर्सीत मिकी शेरिल दहा टक्क्यांहून जास्त फरकाने गव्हर्नर झाल्या. व्हर्जिनियात लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आल्या गझाला हाश्मी, जन्म हैदराबादचा. लोक मत देत नाहीत म्हणे.

श्री ठाणेदारांचं उदाहरण तर आपल्या घरचंच. बेळगाव-चिकोडीकडचा मराठी माणूस. २०१८मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत स्वतःचे लक्षावधी डॉलर ओतून तिसरे आले. त्यांच्या इंग्रजी उच्चारांवर आपलेच लोक हसत होते हे मला चांगलं आठवतं. २०२२मध्ये ते डेट्रॉइटमधून अमेरिकन काँग्रेसवर, म्हणजे संसदेवर, गेले. प्रायमरीत उमेदवारांची गर्दी होती, ठाणेदारांना एक तृतीयांश मतंही पडली नाहीत, पण तेवढी पुरली. बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या डेट्रॉइटला कित्येक दशकांत प्रथमच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय डेमोक्रॅट उरला नाही, याची खंत तिथल्या लोकांना आहे आणि ती रास्त आहे. तुम्ही त्यांच्या बाजूचे असा किंवा नसा, २०१८च्या रात्री "हा माणूस या राज्यातून कधी निवडून येईल का" असं कुणी विचारलं असतं तर आपल्यातल्या एकानेही हो म्हटलं नसतं.

निष्ठेकडे वळते. २०२४चं दुखणं अजून ओलं आहे, आणि मला वाटतं तिथे आपण निष्ठा चुकीच्या महिन्यात खर्च केली.

ऑगस्ट २०२३मध्ये असोसिएटेड प्रेस आणि नॉर्क यांच्या पाहणीत ७७ टक्के अमेरिकनांनी सांगितलं होतं की जो बायडन आणखी चार वर्षं काम करायला फार वृद्ध आहेत. डेमोक्रॅटांमध्येही हे प्रमाण ६९ टक्के होतं. म्हणजे गुपित काहीच नव्हतं. सगळं घर कुजबुजत होतं आणि पाहुण्यांसमोर गप्प होतं. मिनेसोटाचे खासदार डीन फिलिप्स यांनी ही गोष्ट उघड बोलून दाखवली आणि ऑक्टोबरात स्वतःच अर्ज भरला. माणूस काही क्रांतिकारक नव्हता. मवाळ, श्रीमंत, पक्षनेतृत्वात छोटं पद सांभाळणारा. त्याला वाळीत टाकलं गेलं. फ्लोरिडात पक्षाने एकट्या बायडन यांचं नाव पाठवलं, त्यामुळे तिथे डेमोक्रॅट मतदारांसाठी अध्यक्षीय प्रायमरी झालीच नाही. नॉर्थ कॅरोलिनात मतपत्रिकेवर एकच नाव. पक्षपातळीवर एकही वादविवाद नाही. बायडन यांच्या नावावर जवळजवळ सगळे डेलिगेट जमा झाले आणि मग २७ जूनला अटलांटात ट्रम्पसमोर ते उभे राहिले. ती रात्र तुम्ही पाहिली आहे. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मतदानाने कमला हॅरिस उमेदवार झाल्या. त्या वर्षी अध्यक्षपदाच्या एकाही प्रायमरीत त्या उमेदवार नव्हत्या. १९६८मध्ये हम्फ्रीही नव्हते. आणि अधिवेशन पुन्हा शिकागोलाच!

मी त्या ऑक्टोबरात इतर न्यू जर्सीकरांसोबत डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियाच्या बक्स काउंटीत दारं ठोठवायला जात होते. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये रस्त्याची यादी असते. नाव, वय, नोंदणी कुठल्या पक्षाची. लेव्हिटाउनच्या एका गल्लीत सत्तरीचे एक गृहस्थ, यादीनुसार पक्के डेमोक्रॅट, पायऱ्यांवर पानं झाडत होते. मी पाठ केलेलं बोलून दाखवलं. त्यांनी झाडू टेकवून ऐकून घेतलं. मत हॅरिसनाच देणार म्हणाले, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण मला म्हणाले, "या बाई चांगल्या असतील. मला त्यांना निवडायला आवडलंही असतं. कुणी विचारलं नाही." मी अ‍ॅपमध्ये 'निश्चित समर्थक'वर बोट टेकवलं आणि पुढच्या दारी गेले, त्यांच्या शेवटच्या वाक्यासाठी अ‍ॅपमध्ये रकाना नव्हता. बक्स काउंटी ट्रम्प यांनी काही शे मतांनी जिंकली. १९८८नंतर तिथे रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवार जिंकला नव्हता. सातही अटीतटीची राज्यं गेली. खुली प्रायमरी झाली असती तर निकाल बदलला असता का, ते छातीठोकपणे मी सांगणार नाही. तसं केलं तर माझ्यात आणि ग्रुपवरच्या ज्योतिषांत फरक काय?

पदावरच्या अध्यक्षाला आव्हान देऊ नये, याला पक्षाचे लोक एक युक्तिवाद देतात आणि तो वरवर बिनतोड वाटतो. १९६८मध्ये जॉन्सनना आव्हान मिळालं, पक्ष हरला. १९७६मध्ये रेगननी फोर्डना आव्हान दिलं, फोर्ड हरले. १९८०मध्ये टेड केनेडी कार्टरविरुद्ध उभे राहिले, कार्टर हरले. १९९२मध्ये पॅट ब्युकॅननने बुशना छळलं, बुश हरले. म्हणून आव्हानच नको. पण यातला एकही अध्यक्ष आव्हान मिळाल्यामुळे दुबळा झाला नव्हता. ते दुबळे होते म्हणून आव्हान मिळालं. व्हिएतनाम, निक्सनला दिलेली माफी, तेहरानमधले ओलीस, मंदी. २०२४मध्ये आपण केलं ते एवढंच की ताप दिसायला नको म्हणून थर्मामीटर कपाटात ठेवून दिला.

न्यू जर्सीकरांना ही गोष्ट नव्याने सांगायची गरज नसावी, कारण आपल्या मतपत्रिकेतच ती कित्येक दशकं छापलेली होती. २१पैकी १९ काउंट्यांत पक्षाने पसंत केलेले सगळे उमेदवार, वर अध्यक्ष किंवा सिनेटरपासून खाली काउंटी कमिशनरपर्यंत, एकाच रांगेत. त्या रांगेला 'काउंटी लाइन' म्हणायचे. बाकीचे उमेदवार कुठेतरी कडेला, मधे रिकामी घरं सोडून, शोधून काढावे लागतील असे. आपल्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं त्या रांगेवरून बोट फिरवून घरी आले आणि त्यालाच निष्ठा समजले. २०२३मध्ये सिनेटर मेनेंडेझ यांच्यावर लाचखोरीचे आरोप दाखल झाल्यावर दुसऱ्याच दिवशी खासदार अँडी किम त्यांच्या जागेसाठी उभे राहिले. रांगेतली जागा अनेक काउंट्यांत तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी यांना मिळाली. किम कोर्टात गेले. मार्च २०२४मध्ये टॅमी मर्फींनी माघार घेतली आणि काही दिवसांतच न्यायाधीशांनी त्या जूनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती रांगच रद्द केली. आज किम सिनेटमध्ये आहेत.

२०२५मध्ये गव्हर्नरपदासाठी रांगेशिवाय प्रायमरी झाली. सहा उमेदवार, चांगलीच घासाघीस. तेव्हाही रडगाणं तेच होतं, आपसात लढून थकू आणि नोव्हेंबरात मार खाऊ. वर्षभरापूर्वी याच राज्यात हॅरिस जेमतेम सहा टक्क्यांनी पुढे राहिल्या होत्या, त्यामुळे भीतीही अगदीच पोकळ नव्हती. शेरिल त्या सहांतून निघाल्या आणि भरघोस मतांनी जिंकल्या. (प्रामाणिकपणे सांगायचं तर व्हर्जिनियात स्पॅनबर्गर यांना प्रायमरीत कुणी प्रतिस्पर्धीच नव्हता आणि त्याही तशाच जिंकल्या. तेव्हा प्रायमरीत लढलं की जिंकतोच असा नियम कुणी करू नये. लढलं की हरतो, हा नियम मात्र खोटा आहे.)

आणखी एक बोच आहे. निष्ठा नेहमी एकाच बाजूकडून मागितली जाते. २०१६मध्ये बर्नी सँडर्स यांना पहिल्या दिवसापासून ऐकवलं गेलं की हे मुळात डेमोक्रॅटच नाहीत. ते सिनेटवर अपक्ष म्हणूनच निवडून येतात, त्यामुळे आक्षेप खोटाही नव्हता. पुढे २०१८मध्ये पक्षाने नियमच केला की उमेदवाराने आपण डेमोक्रॅट असल्याचं लेखी द्यावं. त्याच वर्षी सुपरडेलिगेटांचं पहिल्या फेरीतलं मतही काढून घेतलं, ते बरं केलं. डाव्या बाजूच्या कार्यकर्त्यांना 'व्होट ब्लू, नो मॅटर हू' (उमेदवार कुणीही असो, मत डेमोक्रॅटांनाच) ही घोषणा तर पाठच झाली. मग जून २०२५मध्ये नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये महापौरपदाची प्रायमरी झोहरान ममदानी यांनी जिंकली आणि हरलेले माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो अपक्ष उभे राहिले. आता निष्ठेची पाळी दुसऱ्यांची होती. प्रतिनिधिगृहातले पक्षनेते हकीम जेफ्रीज यांनी ऑक्टोबर संपत आल्यावर पाठिंबा दिला. सिनेटमधले पक्षनेते चक शूमर यांनी शेवटपर्यंत दिलाच नाही. ममदानी मला सगळे पटतात असं नाही, पण प्रायमरीचा निकाल मानायचा हा नियम हरणाऱ्या सगळ्यांना सारखा असेल तरच माझ्याकडून निष्ठा मागा.

(महाराष्ट्रात यावर हसणारे असतील तर २००७ आठवा. राष्ट्रपतिपदाला व्हिप नसतो. शिवसेना एनडीएत होती आणि एनडीएचा कौल भैरोसिंह शेखावतांना होता. सेनेने मत दिलं प्रतिभाताई पाटलांना, मराठी म्हणून. आघाडीधर्मही आपण सोयीनेच पाळतो.)

तुमच्यातले काही म्हणतील, २०२०चं काय? तेव्हा जिंकेल कोण एवढाच विचार करून बायडनना निवडलं आणि ते जिंकले की. हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरात पाचवे आलेले बायडन संपलेच होते. साउथ कॅरोलिनात तिथले वजनदार कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला, तिथे ते मोठ्या फरकाने जिंकले, बूटिजेज आणि क्लोबुशार या प्रतिस्पर्ध्यांनी सुपर ट्यूसडेच्या, म्हणजे अनेक राज्यांत एकाच दिवशी प्रायमरी होते त्या मंगळवारच्या, आधी माघार घेतली आणि तीन दिवसांत चित्र पालटलं. जिंकेल कोण याची काळजी त्यात होतीच, मी नाकारत नाही. पण साउथ कॅरोलिनातल्या चर्चमधून निघून मतदानाला गेलेल्या त्या आजीबाई बायडनना चाळीसेक वर्षं ओळखत होत्या. ओबामांचा उपाध्यक्ष म्हणून आठ वर्षं पाहिलं होतं. त्यांना तोच हवा होता. विस्कॉन्सिनमधल्या कुणा अनोळखी शेतकऱ्याच्या मनात शिरायची त्यांना गरज पडली नाही. शिवाय त्या विजयाचा आकारही लक्षात ठेवा: अ‍ॅरिझोना, जॉर्जिया, विस्कॉन्सिन मिळून सुमारे ४३ हजार मतं. तेवढी इकडची तिकडे झाली असती तर आज आपण बायडनचंही नाव मोंडेलच्या पंक्तीत घेतलं असतं, आणि तेही तितक्याच खात्रीने.

जिंकायची काळजी करूच नका असं मी सांगत नाही. उमेदवाराने अवघड मतदारसंघ जिंकलाय का? दोन तास वादविवादात उभं राहून उत्तरं देता येतात का? टाउन हॉलमध्ये विम्याच्या हप्त्यावर चिडलेल्या बाईला तो काय सांगतो? पैसे छोट्या देणगीदारांकडून येतात की चार धनाढ्यांकडून? वय किती? हे जरूर बघा, कारण हे डोळ्यांनी दिसतं. जे दिसत नाही, म्हणजे ओहायोतला अमुक जातीचा माणूस अमुक रंगाच्या बाईला मत देईल का, ते ओहायोतल्या माणसावर सोडा. त्याला स्वतःचं मत आहे.

आपल्याला हे जड जातं, याला एक कारण आपल्या मंडळांतही आहे. कार्यकारिणीची निवडणूक 'बिनविरोध' झाली की आपण टाळ्या वाजवतो. कुणी दुसरा अर्ज भरलाच तर आधी त्याला फोन जातो, "कशाला उगाच, पुढच्या वर्षी बघू ना तुझं." गणेशोत्सवाच्या जेवणाचं कंत्राट ठरवायला ते ठीक असेल.

आता कामाचं. आपल्यापैकी पुष्कळ जण नागरिक झाल्यावर मतदार म्हणून नोंदणी करतात आणि पक्षाचा रकाना कोरा ठेवतात, उगाच शिक्का नको म्हणून. न्यू जर्सीत कोरा रकाना असला तरी प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगून मत देता येतं. मात्र दुसऱ्या पक्षात नोंद झालेली असेल तर बदल प्रायमरीच्या ५५ दिवस आधी करावा लागतो. पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कमध्ये प्रायमरी बंद असते, पक्षात नाव नसेल तर मत नाही, तेव्हा तिथल्यांनी वेळेत बघावं. कॅलिफोर्नियात कोऱ्या रकान्यावाल्यांना डेमोक्रॅटिक मतपत्रिका मागून घ्यावी लागते. टेक्सासात पक्षनोंदणीच नाही. ह्यूस्टन-डॅलसकरांना सबब नाही. आमची न्यू जर्सीची पाळी जूनमध्ये येते आणि तोवर बहुतेक वेळा वरात निघून गेलेली असते. म्हणून २०२८ची सुरुवातीची राज्यं ठरवणाऱ्या पक्षाच्या नियम समितीला, आणि आपापल्या राज्यातल्या समितीसदस्यांना, आतापासून पत्रं लिहा. आमदार-खासदारांच्या दिवाळी स्वागत समारंभाला फोटो काढायला आपण जातोच, तेव्हा दोन मिनिटं हेही बोला. मागणी साधी ठेवा: मतपत्रिकेवर एकच नाव ठेवून प्रायमरी होणार नाही, पदावर कुणीही असो वादविवाद होतील, आणि कुठल्याही राज्यात पक्ष परस्पर मतदान रद्द करणार नाही.

मी २०२८च्या प्रायमरीत कुणाला मत देणार ते अजून ठरवलेलं नाही. ठरलं की ग्रुपवर सांगेन, आणि कारणं माझी असतील. तुम्ही दुसऱ्या कुणाला दिलंत तर भांडू, प्रायमरीच्या रात्रीपर्यंत. त्यानंतर जो कुणी उमेदवार होईल त्याच्यासाठी बक्स काउंटीत जायला माझ्या गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत.

आपली,
मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी येथील एक नोंदणीकृत डेमोक्रॅट